फुटबॉलमध्ये डिफेन्डर म्हणून करिअर करायचंय? मग सगळं नीट सांगते

मुली मला नेहमी विचारतात की ताई, डिफेन्डरला बघतं कोण, गोल तर पुढच्या मारतात, फोटोही त्यांचेच येतात, मग प्रोफेशनल व्हायचं तर मीपण पुढे खेळायला जाऊ का. अजिबात जाऊ नकोस. मी स्वतः बारा वर्षं सेंटर बॅक, म्हणजे मागच्या रांगेत मधोमध, खेळले, आता मुलींना शिकवते, आणि कुठल्याही क्लबला मागे रोज चार जणी उभ्या कराव्या लागतात, शिवाय त्यातली एखादी जखमी झाली की लगेच उतरू शकतील अशा आणखी तीन-चार जणी लागतात, त्यामुळे चांगल्या डिफेन्डरला जागा कायम असते. फक्त एक अडचण खरी आहे. आपण जेव्हा सगळ्यात चांगलं खेळतो तेव्हा काहीच घडत नाही, गोल होत नाही, आणि न झालेला गोल कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून आपल्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात, एक म्हणजे ते काम आणि दुसरी म्हणजे ते काम ज्यांना दिसायला पाहिजे त्यांना दिसेल अशी सोय.

बेकी सॉअरब्रनचं बघ, अमेरिकेकडून 219 मॅच, 2015 आणि 2019 असे दोन वर्ल्ड कप, टीमची कॅप्टन, आणि देशासाठी गोल किती तर शून्य. दुसरीकडे फ्रान्सची वेंडी रेनार, उंची 1.87 मीटर, कॉर्नरवर डोक्याने इतके गोल की पुढे खेळणाऱ्या स्ट्रायकरने मोजत बसावं, लिऑन क्लबकडून 8 वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. दोघी सेंटर बॅक, दोघी जगातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी, आणि दोघींचा खेळ एकमेकींसारखा नाही. त्यामुळे मी बुटकी आहे, मी फार फास्ट नाही असली कारणं देऊ नकोस, तुझ्याकडे जे आहे त्यातून कुठल्या प्रकारची डिफेन्डर बनते ते आधी शोध.

आणि सुरुवात मागूनच झाली पाहिजे असंही नाही हं. अमेरिकेची केली ओ'हारा कॉलेजमध्ये स्ट्रायकर होती, 2009 मध्ये तिथल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची हर्मन ट्रॉफी तिला मिळाली, आणि 2012 मध्ये नॅशनल टीमच्या कोचने तिला बाहेरच्या बाजूला बॅक, म्हणजे कडेची डिफेन्डर, केलं. क्रिस्टल डनने 2015 मध्ये अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल मारले आणि 2019 चा वर्ल्ड कप ती लेफ्ट बॅक म्हणून जिंकली. कोच तुला मागे जा म्हणाला तर ती शिक्षा समजू नकोस, पुढे खेळलेल्या मुलीला समोरची विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारी, काय करणार आहे ते आधीच कळतं, हा फार मोठा फायदा आहे.

आता काम. सगळ्यात आधी एकास एक, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे. समजा विंगर बॉल घेऊन तुझ्याकडे येतेय. नवीन मुली काय करतात, धावत जातात आणि पाय घालतात, ती बॉल जरासा ढकलते आणि निघून जाते. तू असं कर, आधी जोरात धावून अंतर कमी कर पण शेवटचे तीन-चार मीटर बारीक पावलं टाकत वेग तोड, तिच्यापासून साधारण दीड-दोन मीटरवर थांब, समोरासमोर उभी राहू नकोस, तिरकी उभी राहा, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन पायाच्या चवड्यांवर, टाच टेकलेली नको. नजर बॉलवर, तिच्या पायांच्या नाचावर नाही, खांद्यांवर तर मुळीच नाही, कारण खांदे खोटं बोलतात. मग मागे सरकत राहा, तिच्याच वेगाने, आणि तुझ्या उभं राहण्यातून तिला एकच रस्ता उघडा ठेव, टचलाइनकडचा, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेकडचा, किंवा तिच्या कमजोर पायाकडचा. कधीतरी तिच्याकडून बॉल अर्धा हात जास्त पुढे जातो. तो क्षण तुझा. तेव्हाच पाय घालायचा आणि पूर्ण जोर लावून घालायचा, अर्धवट टॅकलमध्येच गुडघे जातात. आणि तो क्षण आलाच नाही तरी चालेल, तू तिला चार सेकंद थोपवलंस तेवढ्यात तुझ्या तीन जणी परत आल्या, काम झालं. स्लायडिंग टॅकल दिसायला भारी असतो पण जमिनीवर पडलेली डिफेन्डर पुढचे दोन सेकंद खेळात नसते, म्हणून तो शेवटचा उपाय. सराव कसा करायचा तर दहा बाय पंधरा मीटरची पट्टी आखून घे, एकीला बॉल दे, आणि पहिले दोन आठवडे पाय घालायचाच नाही असा नियम ठेव, फक्त थोपवायचं. मी शिकवते त्या मुलींना हे आधी कंटाळवाणं वाटतं, तिसऱ्या आठवड्यात त्याच म्हणतात की आता समोरची घाबरल्यासारखी वाटते.

दुसरं म्हणजे मान वळवणं. बॉल सगळ्यांनाच दिसतो, तुझं काम आहे बॉलपासून लांब काय चाललंय ते बघणं. बॉल लांब असताना दर काही सेकंदांनी खांद्यावरून मागे नजर टाक, समोरच्या टीमची स्ट्रायकर कुठे आहे, तिच्या मागून कोण धावत येतंय, तुमची लाइन, म्हणजे मागच्या चौघींची रांग, सरळ आहे का. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल, येताना असं उभं राहा की बॉल आणि माणूस दोन्ही एकाच नजरेत येतील, ते जमत नसेल तर हाताने तिचा स्पर्श ठेव म्हणजे ती सरकली की कळेल, पण धरायचं नाही, जर्सी ओढली की पेनल्टी.

लाइन कधी वर न्यायची आणि कधी मागे यायचं याचा एक सोपा नियम आहे आणि हा मला कुणी लवकर सांगितला असता तर माझी पहिली दोन वर्षं वाचली असती. बॉल जिच्याकडे आहे तिच्याकडे बघ. तिची पाठ आपल्याकडे आहे, किंवा डोकं खाली आहे, किंवा आपल्यापैकी कुणीतरी तिच्या अंगावर आहे, तर ती लांब पास देऊ शकत नाही, मग पूर्ण लाइन वर. तिचं डोकं वर आहे आणि अंगावर कुणी नाही, तर पुढच्या सेकंदाला बॉल आपल्या डोक्यावरून जाणार, मग पास निघायच्या आधीच मागे पळायला लागायचं. चौघींनी हे एकत्र केलं की ऑफसाइड, म्हणजे पास निघताना समोरची आपल्या लाइनच्या पलीकडे सापडणं, आपोआप मिळतो, एकीने जरी उशीर केला तरी ती एकटी सगळ्यांना ऑनसाइड ठेवते. म्हणून बोलायचं, आणि मोठ्याने बोलायचं. शब्द ठरलेले आणि छोटे पाहिजेत, वर, मागे, सोड, माझा, मागे माणूस, वळ. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींना मैदानात ओरडायचा संकोच असतो, लहानपणापासून हळू बोल हळू बोल ऐकलेलं असतं, पण गप्प डिफेन्डरला कुठलाही कोच घेत नाही हे मी अगदी खात्रीने सांगते. ट्रायलला गेलीस तर पहिल्या पाच मिनिटांत तुझा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असला पाहिजे.

तिसरं, पाय. आता डिफेन्डरने फक्त बॉल उडवून भागत नाही. 2019 पासून गोल किक पेनल्टी बॉक्सच्या बाहेर जायची गरज राहिली नाही, त्यामुळे सेंटर बॅकला स्वतःच्या बॉक्समध्ये, दोन जणी अंगावर येत असताना बॉल घ्यावा लागतो. दोन्ही पायांनी पास पाहिजेच, एका पायाची डिफेन्डर समोरच्या टीमला दहा मिनिटांत कळते आणि मग त्या मुद्दाम तुला कमजोर पायाच्या बाजूला ढकलतात. रोज भिंतीवर वीस मिनिटं, फक्त कमजोर पाय. शिवाय तीस-चाळीस मीटरचा तिरका पास, एका बाजूच्या सेंटर बॅककडून दुसऱ्या बाजूच्या विंगरकडे, हा ज्या मुलीला येतो तिची किंमत लगेच वाढते. अमेरिकेच्या नाओमी गिर्माचा खेळ बघ, ती बॉल घेऊन स्वतः पुढे चालत जाते, समोरच्या स्ट्रायकरला आपल्याकडे ओढते आणि मगच पास देते. जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने तिला घेतलं तेव्हा महिला फुटबॉलमध्ये पहिल्यांदा ट्रान्सफर दहा लाख डॉलरच्या वर गेली, आणि ती एका डिफेन्डरसाठी गेली, हे ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी मी माझ्या सगळ्या मुलींना फोन केले होते.

हेडर लहान वयात जास्त करू नकोस. अमेरिकेत 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंदच केला आणि 11 ते 13 वयाला सरावात मर्यादा घातली, ते मला बरोबर वाटतं. लहानपणी हलक्या बॉलने टायमिंग शिक, कपाळाने मारायचं, डोळे उघडे, तोंड बंद, क्लिअर करताना उंच आणि बाजूला. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, तर त्याच मिनिटाला बाहेर ये, कोच काहीही म्हणो.

आता शरीर, आणि इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त करिअर इथेच संपलेली मी बघितली आहेत. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतं, बहुतेकदा कुणी धक्काही न देता, नुसतं वेगात थांबताना किंवा वळताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना. आणि डिफेन्डर दिवसभर हेच करते. तुटलं की ऑपरेशन आणि साधारण नऊ महिने ते वर्षभर बाहेर. इंग्लंडची कॅप्टन लीया विल्यमसनचं एप्रिल 2023 मध्ये तुटलं, त्या वर्षीचा वर्ल्ड कप गेला, जानेवारी 2024 मध्ये ती परत खेळली आणि 2025 मध्ये आर्सेनल क्लबबरोबर चॅम्पियन्स लीग आणि इंग्लंडबरोबर युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, दोन्ही जिंकली, म्हणजे परत येता येतं, पण तिच्यामागे मोठ्या क्लबचे फिजिओ होते, तुझ्यामागे सुरुवातीला कदाचित कुणीच नसेल. म्हणून आधीच काळजी घे. फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस एक मिनिटांचा, काही सामान लागत नाही, धावणं, ताकद, तोल आणि उड्या, आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. त्यातला गुडघ्यावर बसून करायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम कधीच चुकवू नकोस, मैत्रिणीने मागून घोटे घट्ट धरायचे आणि तू अंग सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या दिवशी तीन-चारच होतील, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, चालू ठेव. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का ते मोबाईलवर शूट करून बघ, वळत असतील तर आधी ते सुधार.

पाळीची नोंद ठेव, तारखा, दुखणं, कधी अंग जड वाटतं, सगळं, आणि कोचशी किंवा फिजिओशी बोलायला लाजू नकोस. पाळी दोन-तीन महिने बंद झाली तर बरं झालं कटकट गेली असं म्हणणाऱ्या मुली मला भेटल्यात आणि मला फार काळजी वाटते त्यांची, कारण बहुतेकदा त्याचा अर्थ तू खेळतेस तेवढं खात नाहीयेस, आणि मग हाडं कमजोर होतात, पायात बारीक फ्रॅक्चर येतात. डॉक्टरकडे जा. बारीक दिसण्यासाठी डिफेन्डरने जेवण कमी करायचं नसतं.

मग पुढचा रस्ता. युरोपात अकॅडमीतून वर येतात, अमेरिकेत शाळा-कॉलेजातून, स्कॉलरशिपवर. सॉअरब्रन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीतून आली, गिर्मा स्टॅनफर्डमधून आली आणि 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने कॉलेजच्या खेळाडू निवडायचे त्यात, पहिली निवड ठरली, पण 2024 मध्ये अमेरिकन लीगने ड्राफ्टच बंद केला, आता खेळाडू थेट क्लबशी बोलते, त्यामुळे जुने सल्ले देणाऱ्यांचं ऐकताना हे लक्षात ठेव. पहिल्या नकाराने थांबायचं नाही. रेनार मार्टिनिकहून फ्रान्समध्ये ट्रायलला आली, क्लेरफोंतेनच्या राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटरने घेतलं नाही, मग लिऑनला गेली आणि सोळा वर्षांची असताना तिथे राहिली ती कायमची. इंग्लंडची डिफेन्डर लूसी ब्राँझ शिकता शिकता पिझ्झाच्या दुकानात काम करत खेळायची, गुडघ्याची ऑपरेशनं झाली, आणि नंतर पाच चॅम्पियन्स लीग.

शिक्षण सोडू नकोस, हे मी आईसारखं सांगत नाहीये, हिशोब म्हणून सांगतेय. अमेरिकन लीग 2013 मध्ये सुरू झाली तेव्हा कमीत कमी पगार सीझनचा 6,000 डॉलर होता, त्यावर कुणी जगत नाही. 2025 मध्ये तो 48,500 झाला, चांगला बदल आहे, पण जगातल्या बहुतेक लीगमध्ये अजून तशी परिस्थिती नाही आणि बऱ्याच जणी सकाळी नोकरी संध्याकाळी प्रॅक्टिस असंच करतात. तुझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेच असेल असं धरूनच चाल.

आता ती दिसण्याची सोय. व्हिडिओ. स्ट्रायकरचा व्हिडिओ सोपा, गोल गोल गोल. डिफेन्डरने पण तसंच केलं, नुसते टॅकल एकामागे एक चिकटवले, तर स्काउटला, म्हणजे क्लबसाठी खेळाडू शोधणाऱ्याला, काहीच कळत नाही, उलट ही सारखी खाली का पडतेय असं वाटतं. प्रत्येक क्लिप बॉल तुझ्याकडे यायच्या सात-आठ सेकंद आधीपासून सुरू कर, म्हणजे तू आधीच कुठे पोचली होतीस ते दिसेल. सुरुवातीला स्वतःभोवती एक गोल किंवा बाण दाखव. क्लिप अशा निवड, तू हात दाखवून लाइन वर आणतेस, तू मान वळवून मागून येणारी बघतेस आणि रस्ता बंद करतेस त्यामुळे समोरची पासच देत नाही, मैत्रीण चुकली तेव्हा तू कव्हर दिलंस, समोरच्या अंगावर धावून येत असताना पास काढलास. एक क्लिप तुझ्याकडून बॉल गेल्याची पण ठेव, आणि पुढच्या पाच सेकंदांत तू काय केलंस तेही. चार-पाच मिनिटं पुरे, गाणं लावू नकोस, कारण स्काउटला तुझा आवाज ऐकायचा असतो. आणि बरोबर दोन पूर्ण 90 मिनिटांच्या मॅच द्यायच्या, त्यातली एक हरलेली. कॅमेरा उंचावरून आणि पूर्ण बॅकलाइन दिसेल असा पाहिजे, बॉलच्या मागे मागे फिरणारा कॅमेरा आपल्या कामाचा नाही. कुणा ताईला-दादाला जिन्यावर किंवा गच्चीवर उभं करा.

कॉन्ट्रॅक्ट आला की आनंदात सही करू नकोस, एक रात्र जाऊ दे आणि कुणाकडून तरी वाचून घे. किती सीझनचा आहे, मोठी दुखापत झाली तर पगार चालू राहतो का आणि ऑपरेशनचा खर्च कोण देतं, राहायची सोय कोणाची, क्लबला मध्येच तोडता येतो का आणि मग तुला पण तोडता येतो का. गरोदरपणाबद्दल काय लिहिलंय ते बघ, फिफाच्या नियमाने 2021 पासून कमीत कमी 14 आठवड्यांची रजा, किमान दोन तृतीयांश पगारासह, मिळायलाच पाहिजे. एजंटकडे फिफाचं लायसन्स आहे का ते विचार, 2023 पासून ते परीक्षा देऊन घ्यावं लागतं. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी, अठराच्या आतल्या मुलीची परदेशात ट्रान्सफर काही ठरावीक अपवाद सोडले तर होतच नाही, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला बाहेरच्या क्लबमध्ये घालतो आधी पैसे भरा असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका. माझ्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलीच्या घरच्यांनी भरले होते, ट्रायल कधी झालीच नाही, आणि त्या धक्क्याने तिने खेळच सोडला, आमच्यापैकी सगळ्यात चांगला डावा पाय तिचा होता.

चूक होणार. तुझ्या चुकीवर गोल होणार, कदाचित तुझ्याच पायाने स्वतःच्या जाळीत. 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध क्वार्टर फायनलला ब्रँडी चॅस्टेनने पाचव्या मिनिटाला स्वतःच्या गोलात बॉल घातला, हाफनंतर तिनेच बरोबरीचा गोल मारला, अमेरिका 3-2 जिंकली आणि फायनलची शेवटची पेनल्टीही तिनेच मारली. इंग्लंडच्या लॉरा बॅसेटला असा शेवट मिळाला नाही, 2015 च्या सेमीफायनलला इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे 90 मिनिटांनंतरच्या जादा वेळात, तिच्या ओन गोलने जपान फायनलला गेलं. पण तीन दिवसांनी तिसऱ्या जागेच्या मॅचला ती परत सेंटर बॅकला उभी होती आणि इंग्लंडने जर्मनीला 1-0 हरवलं. मला चॅस्टेनपेक्षा बॅसेटची ती मॅच जास्त शिकवते. चूक झाल्यावर करायचं काय तर पुढचा बॉल स्वतःहून मागायचा, लांबचा काही अवघड पास नको, जवळच्या मैत्रिणीला पाच मीटरचा, आणि लगेच लाइनला आवाज द्यायचा. मॅचनंतर व्हिडिओ एकदाच बघायचा, दुसऱ्या दिवशी, कोचबरोबर, आणि बॉल गेला तो क्षण सोडून त्याच्या दहा सेकंद आधी मी कुठे होते ते शोधायचं, चूक बहुतेकदा तिथे सापडते.

वयाची घाई करू नकोस, डिफेन्डर उशिरा पिकते. अमेरिकेची डिफेन्डर क्रिस्टी रॅम्पोन 2015 च्या वर्ल्ड कपमध्ये चाळीस वर्षांची होती आणि दोन मुलींची आई, 311 मॅच खेळली. तिथलीच डिफेन्डर जॉय फॉसेट, तिला तीन मुली आणि 1995, 1999, 2003 या तिन्ही वर्ल्ड कपमध्ये ती एकही मिनिट बाहेर बसली नाही. तिशीनंतर वेग कमी होतो पण तोपर्यंत तुला पाच सेकंद आधी कळायला लागलेलं असतं, फक्त जिम सोडायचं नाही आणि झोप आठ तास.

युनियन असेल तर सभासद हो आणि मीटिंगला जा, कंटाळा करू नकोस. अमेरिकेच्या समान पगाराच्या लढ्यात 2016 मध्ये ज्या पाच जणींनी तक्रार केली त्यात सॉअरब्रन होती, आणि 2022 मध्ये 2.4 कोटी डॉलरची तडजोड झाली. कोचिंगचं पहिलं लायसन्स पंचवीस-सव्वीसला, खेळत असतानाच करून टाक, सुट्टीच्या महिन्यात होतं, मैदान मागून बघायची सवय आपल्याला असल्यामुळे ते आपल्याला लवकर समजतं. इंग्लंडची केसी स्टोनी डिफेन्डरच होती, कॅप्टन, 130 मॅच, 2018 मध्ये बूट काढले आणि त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या महिला टीमची कोच झाली, नंतर अमेरिकेत सॅन डिएगोच्या क्लबला गेली, आणि 2022 मध्ये कॉलेजातून आलेल्या गिर्माला पहिल्याच सीझनला बॅकलाइनच्या मधोमध उभं केलं ते तिनेच.